एकशे बारा पायऱ्यांचं समाधान

३ मार्च

प्रयोगशाळेत प्रत्येक तोलकाट्याची एक वही असे. काटा कधी तपासला, किती चुकत होता, कोणी दुरुस्त केला, सगळं तिच्यात. प्रयोगशाळा डिसेंबरात बंद झाली. वहीची सवय राहिली. तपासायला काटे नाहीत, म्हणून ही वही माझी.

आजपासून पालिकेत सहा महिन्यांचं कंत्राट. पद सर्वेक्षक. काम 'नागरिक समाधान सर्वेक्षण'. एकूण नऊ प्रभाग, मला मिळाला आमचाच. साहेबांना विचारलं, "मी तिथेच राहते. हे नियमात बसतं का?"

"बसतं म्हणजे? फारच छान बसतं. तुमचा प्रवासभत्ता वाचला."

नियम उतरवून घेतले. घरटी एक अर्ज, दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सर्वेक्षकाने स्वतःचं घर वगळायचं. मत द्यायचं नाही, सुचवायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. शेवटचं मला जमतं.

सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्या तीन प्रभागांना यंदाचा दुरुस्तीचा निधी मिळणार. "जिथे दुखतं तिथे मलम," साहेब म्हणाले.

आमचं काय दुखतं ते कळायला सर्वेक्षण नको. खालच्या रस्त्यापासून आमच्या गल्लीपर्यंत एकशे बारा पायऱ्या आहेत. गाडी वर येत नाही. एकोणीस पायऱ्या फुटल्या आहेत. कठडा अडतीस ठिकाणी हलतो आणि नऊ ठिकाणी नाहीच. मी मोजलं आहे.

५ मार्च

काकाचा फोन. आत्याचा डावा गुडघा गेल्यापासून, म्हणजे नोव्हेंबरपासून, ती खाली उतरलेली नाही. कठड्याला धरून उतरली असती; पण धरण्यासारखा कठडा हवा. काका म्हणाला, "एक जूनपर्यंत काही झालं नाही तर ताईला मी इकडे घेऊन येतो. कायमचं."

निर्णय तर्कशुद्ध आहे. त्याच्या इमारतीत लिफ्ट आहे, खाली बाग आहे, डॉक्टर समोरच. मी आत्याला तसं सांगितलं.

"तू कधीपासून त्याच्या बाजूने?"

"मी कोणाचीच बाजू घेत नाहीये."

"तेच तर," ती म्हणाली आणि शेंगा सोलत बसली.

मी सहा वर्षांची असल्यापासून तिच्याकडे आहे. हे इथे लिहायचं कारण नाही.

संध्याकाळी पायऱ्या पुन्हा मोजल्या. एकशे बाराच भरल्या.

९ मार्च

पहिलं घर, टेलरकाकू. पायऱ्या, गल्लीतले दिवे, पाण्याचा जोर, कचऱ्याची गाडी. चाळीस मिनिटांत चौदा तक्रारी. "पालिकेला म्हणावं, एकदा वर येऊन बघा. पण येतील कशाने? पायऱ्यांवरून यावं लागेल ना." मशीनवरचा पाय एकदाही थांबला नाही.

मग अर्ज पुढे केला. त्यांनी खडूने माखलेली बोटं पुसली आणि दहाच्या दहा प्रश्नांना पाच-पाच गुण दिले.

नियमाप्रमाणे एकदा विचारता येतं. विचारलं, "नक्की?"

"नक्की गं. आम्ही काय माणुसकी विकून खाल्लीय?"

त्यानंतर जावयाबद्दल बोलत राहिल्या. तो टॅक्सी चालवतो. "प्रवासी चार तारे देतात आणि वाटतं, काय मोठे उपकार केले. त्याच्या कंपनीत चार म्हणजे नापास. तीन दिवस घरी बसवलं बिचाऱ्याला. लोकांना कळत नाही, आपण नुसतं बोट लावतो आणि तिकडे कोणाची तरी चूल विझते."

असंबद्ध माहिती. अर्जात नोंदवली नाही. चहा दोनदा.

१२ मार्च

आज दुकानदार आणि पोस्टमनकाका.

दुकानदार मला 'मोजणीबाई' म्हणतो. मी दुकानात शिरले की काट्यावरचा हात आपोआप मागे जातो. दोन वर्षांपूर्वी त्याचा काटा प्रत्येक किलोत आठ ग्रॅम खात होता. मी सांगितलं, त्याने त्याच दिवशी दुरुस्त केला, विषय संपला. मला वाटतं संपला. तो अजून मला पाहिलं की घसा साफ करतो.

पालिकेबद्दल मत विचारलं तर म्हणाला, "पालिका? ती अजून आहे का?" गिऱ्हाइकं हसली. मग त्याने आवाज खाली आणला. "तुझं हे कंत्राट पुढे वाढेल ना?"

"ते निकालावर अवलंबून आहे."

"मग झालं तर," म्हणाला आणि पन्नासपैकी पन्नास दिले.

पोस्टमनकाका निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. त्या अकरा वर्षांत पायऱ्यांबद्दल पालिकेला त्रेसष्ट अर्ज. सगळ्यांच्या प्रती एका फायलीत, तारखेप्रमाणे. त्यांनी मला फाइल पहिल्या पानापासून दाखवली. एक्केचाळिसाव्या अर्जात एक उत्तर जोडलं आहे: 'आपला अर्ज क्रमांक चाळीस मिळाला.'

मग चष्मा बदलला, पट्टी घेतली आणि पाचाच्या चौकटींत दहा सरळ खुणा केल्या.

"काका, आत्ताच त्रेसष्ट अर्ज दाखवलेत."

"ते वेगळं, हे वेगळं."

"कसं वेगळं?"

"तू नको विचारूस बाळा. तुझ्या तोंडी बरं दिसत नाही."

तूर्त अंदाज: इथली माणसं बोलण्यात शूर आणि कागदावर भित्री आहेत.

१८ मार्च

एकशे त्रेपन्न घरं झाली. सरासरी ४.९.

काट्यावर काहीही ठेवा, पाचच दाखवत असेल तर तो काटा अडकलेला असतो. साहेबांना हेच सांगितलं. हात वर करून म्हणाले, "अहो मॅडम, लोक खूश आहेत. खूश माणसाला 'का' विचारू नये, तो विचार करायला लागतो."

घरी आत्यालाही सांगितलं. ती म्हणाली, "देऊ देत की त्यांना. तुझं चांगलं झालं ना?"

"माझा काय संबंध? प्रभागाचा प्रश्न आहे. कठड्याचा."

"हो. कठड्याचा."

रात्रीच्या जेवणाआधी तिने काकाला फोन करून विचारलं, तिकडे थंडी किती असते. आत्ता मार्च आहे. कारण कळलं नाही.

२ एप्रिल

निकाल. आमचा प्रभाग ४.९४. नवांत पहिला.

सर्वांत असमाधानी प्रभाग: पालिका अधिकाऱ्यांची वसाहत, १.२. त्यांच्या शेरा-रकान्यात लिहिलं आहे, 'कारंज्याचा आवाज समाधानकारक नाही.' अर्ज कसा भरायचा हे त्यांना ठाऊक आहे. तो त्यांनीच तयार केला.

निधी त्यांना आणि आणखी दोन प्रभागांना. आम्हाला फलक.

साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. कंत्राट एक वर्षाने वाढवू म्हणाले. गल्लीत हे माझ्या आधी पोहोचलं होतं. टेलरकाकू खिडकीतून म्हणाल्या, "बघ. आम्ही होतो ना." दुकानदाराने साखर तोलताना पुडीत चार दाणे जास्तच टाकले. मी काढायला लावले.

९ एप्रिल

फलक लागला. बारा फूट लांब: 'सर्वांत समाधानी प्रभाग'. तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी, वर लागायचा होता. पण उद्घाटनाला नगरसेवक आले. त्यांना सगळे 'भाऊ' म्हणतात. भाऊ चाळिसाव्या पायरीवर दमले. म्हणून फलक चाळिसाव्या पायरीवर.

खांब आणला नव्हता. कठड्यालाच बोल्ट मारले. मी कामगाराला सांगितलं, हा भाग हलतो. तो म्हणाला, "ताई, आता फलकाचं वजन आलं ना, बसेल तो जागेवर."

भाऊंचं भाषण सात मिनिटं. "निवडून आल्यापासून या पायऱ्यांवर माझं बारीक लक्ष आहे." मागून कोणीतरी म्हणालं, "खालून." मग फोटोसाठी भाऊ कठड्याला टेकले.

कठडा फलकासकट गेला. भाऊ गेले नाहीत, कारण पोस्टमनकाकांनी त्यांचा सदरा मागून धरला. सदरा टिकला. काकांचं उजवं मनगट मोडलं.

भाऊ कपडे झटकत म्हणाले, "पाहिलंत? या प्रभागातली माणसं किती समाधानी आहेत."

पालिकेने दुपारी फलक सरळ केला आणि दोरीने बांधला. कठडा आता दहा ठिकाणी नाही.

११ एप्रिल

पोस्टमनकाकांना भेटायला गेले. प्लास्टर कोपरापर्यंत. टेलरकाकू त्यांच्या सदऱ्याची बाही उसवून मोठी करत होत्या. मी सरळ विचारलं, "काका, आता तरी सांगा. पाच का दिलेत?"

"मग काय तुझ्या पोटावर पाय द्यायचा?"

मला समजलं नाही. तसं म्हटलं.

"अगं, चार दिले असते तर तुला घरी बसवलं असतं," टेलरकाकू म्हणाल्या. "आमच्या जावयासारखं."

एकशे साठ घरांनी गुण मला दिले होते.

मी म्हटलं, अर्जावर स्पष्ट छापलं होतं. रस्ते, दिवे, पायऱ्या.

"छापलेलं असतंच गं काहीतरी. ते कोण वाचतं? माणूस समोर बसलेलं असतं, ते दिसतं."

"मी एक शब्द सुचवला नव्हता. चेहऱ्यावरसुद्धा काही दाखवलं नव्हतं."

"तोच चेहरा बघून तर पाच दिले," काका म्हणाले. "इतकी घट्ट बसली होतीस. म्हटलं, पोरीची आधीची नोकरी गेलीय, ही गेली तर काय करेल. त्यात दुकानदाराला तू म्हणालीस म्हणे, निकालावर आहे."

मी ते म्हणाले होते. बारा मार्चच्या नोंदीत आहे.

घरी आले. आत्या कपाटातले लोकरीचे कपडे काढून वेगळे ठेवत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"टेलरने मला पहिल्याच दिवशी सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच दुरुस्त केलं असतंस," ती म्हणाली. एका स्वेटरची घडी मोडून पुन्हा घातली. "लिफ्टची काय, होईल मला सवय."

यावर मी काय बोलले ते लिहीत नाही.

१३ एप्रिल

नियम सतरा. निकालापासून पंधरा दिवसांत, म्हणजे सतरा एप्रिलपर्यंत, पंचवीस घरांनी हरकत नोंदवली तर सर्वेक्षण पुन्हा होतं. हरकतीच्या अर्जात 'कारण' असा रकाना आहे आणि त्यात एकच पर्याय छापलेला आहे: सर्वेक्षकाची चूक.

साहेबांना विचारलं, दुसरं कारण का नाही?

"दुसरं कोणतं असणार? पालिका चुकत नाही आणि नागरिक तर राजा. उरलं कोण?" मग त्यांच्या लक्षात आलं. "मॅडम, हे तुम्हीच वाटत फिरणार? अहो, पंचवीस सह्या झाल्या की तुमचं कंत्राट त्याच दिवशी रद्द. फांदीवर बसून फांदी तोडायची हौस कशाला?"

पन्नास अर्ज घेतले. पावती मागितली. दिली नाही.

१५ एप्रिल

दोन दिवस, चौसष्ट घरं, सह्या तीन. त्यातली एक चुकून; त्यांना वाटलं पार्सल आलं.

दुकानदार म्हणाला, "माझा काटा खात होता, हे तू चारचौघांत सांगू शकली असतीस. सांगितलं नाहीस. आणि मी तुझ्याविरुद्ध सही करू? दुसरं काहीही माग."

"मला दुसरं काही नको. मी चुकले असं लिहायचं आहे."

"तू चुकतेस होय? मग आम्ही काय करायचं?"

मी मुद्दे क्रमाने मांडते: निधी, नियम सतरा, मुदत. लोक शांतपणे ऐकतात, चहा देतात आणि म्हणतात, "होईल गं सगळं नीट, तू नको काळजी करूस." एका घरात मला डबा भरून दिला. हे असं चाललं तर सतरा तारखेपर्यंत माझं वजन वाढेल, सह्या वाढणार नाहीत.

१६ एप्रिल

सकाळी टेलरकाकूंकडे तिसऱ्यांदा. त्या म्हणाल्या, "आमच्या हातून व्हायचं नाही. कागदावर तुझं नाव आणि खाली 'चूक'? उद्या तुला कोण नोकरी देईल? कठडा काय, आज नाही उद्या होईल."

"एक जूनला काका येणार आहे," मी म्हटलं. "कठडा झाला नाही तर आत्या जाईल."

मशीन थांबलं.

"कुठे?"

"त्याच्याकडे. कायमची." मग पुढचं वाक्य आलं. ते मी तयार केलेलं नव्हतं. "मला ती इथे हवी आहे."

टेलरकाकूंनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आम्हाला वाटलं होतं तुला नोकरी हवीय. हे पहिल्या दिवशी सांगायला तोंड नव्हतं?"

"नियमात नव्हतं."

"खड्ड्यात गेला तुझा नियम. दे इकडे कागद. आणि ते उरलेलेही ठेव, तू नको फिरूस. तुझा चेहरा घेऊन फिरलीस की लोक पुन्हा पाच द्यायचे."

१७ एप्रिल

दुपारी बारापर्यंत टेलरकाकूंनी तेवीस अर्ज आणून दिले. माझे आधीचे दोन धरून पंचवीस; पार्सलवाली सही मोजली नाही. दुकानदाराने सहीखाली लिहिलं आहे, 'चूक मान्य, पण मुलगी सरळ आहे.' तो शेरा खोडता येत नाही.

अडीचला पालिकेत. कारकुनाने एक अर्ज बाजूला काढला. पोस्टमनकाकांनी डाव्या हाताने सही केली होती. त्यांच्या त्रेसष्ट अर्जांवरच्या सहीशी जुळत नाही. म्हणजे ते त्रेसष्ट अर्ज कोणीतरी उघडून पाहिले होते. काकांना हे सांगेन, त्यांना बरं वाटेल.

चोवीस. खिडकी तीनला बंद होते.

नियम सतरा पुन्हा वाचला. सर्वेक्षणातून सर्वेक्षकाचं घर वगळायचं असतं. हरकतीतून वगळायचं असं कुठेही म्हटलेलं नाही. दोनदा वाचला.

पंचविसावा अर्ज आमच्या घराचा. हरकत घेणारी: मी. कारण: सर्वेक्षकाची चूक.

कारकून म्हणाला, "मॅडम, हे खरं आहे का तरी?"

खरं आहे. काटा तपासताना आधी त्याचं शून्य पाहायचं असतं. मी एकशे साठ घरांत गेले आणि स्वतःला शून्य धरलं. ते तपासलं नव्हतं.

तीनला सात मिनिटं कमी असताना शिक्का बसला. तीन वाजता माझं ओळखपत्र परत घेतलं.

४ मे

फेरसर्वेक्षण झालं. नवा सर्वेक्षक हसतमुख आहे. टेलरकाकूंनी त्याला दारातच विचारलं, "तुझे मार्क वेगळ्या कागदावर घेतोस की यातच?" त्याला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी पालिकेला दहा वेळा एक दिला आणि शेऱ्यात लिहिलं, 'मुलगा चांगला आहे, याला काही करू नका.'

असे शेरे एकशे एकोणीस.

सरासरी १.३. खालून दुसरे. अधिकाऱ्यांची वसाहत अजूनही सर्वांत दुःखी.

मला खालच्या बाजारात दुकानांचे काटे तपासायचं काम मिळालं आहे. दुकानदाराने माझं नाव सगळीकडे सांगितलं. बाजारात आता मी गेले की बरेच जण घसा साफ करतात.

२७ मे

कठडा झाला. एकसष्ट पायऱ्या. काम खालून सुरू केलं आणि निधी एकसष्टाव्या पायरीवर संपला, कारण वसाहतीच्या कारंज्याला आवाज कमी करणारा पंप लागला. काम चांगलं आहे. मी प्रत्येक खांब हलवून पाहिला.

आमचं घर एकशे बाराव्या पायरीच्या वर आहे.

समाधानाचा फलक उलटा करून त्यावर 'काम पूर्ण' लिहिलं आहे.

काकाला फोन करून खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे वरच्या एक्कावन्न पायऱ्यांना काही नाही. मग मी येतोच."

१ जून

काका सकाळी साडेदहाला गाडी घेऊन आला आणि खाली थांबला. फोनवर म्हणाला, दोन माणसं आणली आहेत, खुर्चीत बसवून ताईला उतरवू.

आत्याने चपला घातल्या. "खुर्ची कशाला? मी काय कपाट आहे?"

दहा एकेचाळीसला निघालो. मी तिच्या डाव्या बाजूला, एक पायरी खाली. तिचा हात माझ्या खांद्यावर. वजन साधारण एकवीस किलो, उतरताना तीसपर्यंत.

वरच्या एक्कावन्न पायऱ्यांवर आज योगायोगाने बरीच गर्दी होती. टेलरकाकू शंभराव्या पायरीवर कोणाच्या तरी बाहीचं माप घेत होत्या. पोस्टमनकाका सत्त्याऐंशीवर बसून फाइल चाळत होते. दुकानदाराने तांदळाचं पोतं नेमकं बहात्तराव्या पायरीवर उतरवलं होतं आणि ते उचलायची त्याला घाई नव्हती. फुटलेल्या प्रत्येक पायरीपाशी कोणीतरी होतं. आमच्याकडे कोणी पाहत नव्हतं. आम्ही पुढे गेलो की ते उठून आणखी खाली जाऊन बसत.

एकसष्टाव्या पायरीवर आत्याने उजवा हात कठड्यावर ठेवला. डावा काढला नाही.

खाली पोहोचायला अडतीस मिनिटं लागली. काका गाडीला टेकून उभा होता. तो सरळ झाला.

"ताई, उतरलीस?"

"उतरले. चहा कुठे मिळतो बघ. मग चढून दाखवते."

काकाने त्या दोन माणसांना पाठवून दिलं. मग आत्याने माझा खांदा सोडला आणि हात झटकला. "तुला किती द्यायचे गं?"

मी म्हटलं, "तीन. पंच्याऐंशीव्या पायरीवर माझा पाय घसरला होता."

"पाच," आत्या म्हणाली.

नियमाप्रमाणे स्वतःच्या घराचे गुण धरता येत नाहीत. नोंदवून ठेवते आहे.